तीन टोकांचा गळ

कुइक्का सरोवरातून बारा मोठे ट्राउट पकडायचे, मोजायचे, पाठीला क्रमांकाचा पिवळा बिल्ला टोचायचा आणि जिवंत सोडून द्यायचे. एवढंच काम घेऊन सायमी उत्तरेला आली होती. पण या 'एवढंच'वर सगळं सरोवर टांगलेलं होतं. खालच्या गावातल्या मासेमारांच्या सभेचं म्हणणं सरळ होतं : गळाला लागलेला मासा सोडला तरी मरतोच, मग तो आमच्याच जाळ्यात का मरू नये? बारा मासे सोडून दाखव, म्हणाले. एक मेला तर समजून घेऊ. दुसरा मेला, की नदीच्या मुखाशी जाळी लागतील.

ऑगस्टच्या फेरीत अकरा मासे बिल्ला घेऊन परत गेले. आणि एक मेला. छोट्या माशासारख्या कोरलेल्या लाकडी आमिषाच्या पोटाखाली तीन टोकांचा गळ असतो. त्याचं एक टोक जबड्यात बसलं आणि झटापटीत दुसरं कल्ल्यात घुसलं. पाणी लाल झालं ते सायमी विसरली नव्हती.

म्हणून सप्टेंबरच्या या पाच दिवसांच्या फेरीत तिने कटर, पक्कड आणि कानस आणली होती. प्रत्येक गळाची दोन टोकं तिने छाटली, उरलेल्या टोकावरचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट केला. आता गळ आत जाईल तसा बाहेरही येईल!

बाहेर येत होता खरा. फारच सहज येत होता.

"सातवा!" यालमारीमामा वल्ह्यावर हनुवटी टेकवून म्हणाला. तिसरा दिवस होता. दोरी सैल पडली होती आणि पाण्यावरचं वर्तुळ विरत चाललं होतं. "सात लागले, सात सुटले. तू माशांना पकडत नाहीस पोरी, गुदगुल्या करतेस."

"मामा, गप बस."

"मी गपच आहे. मासे हसतायत."

सायमीने दात आवळून दोरी गुंडाळली. पावसाची बारीक झड सकाळपासून सुरू होती, बोटं वळत नव्हती आणि कॉफीचा थर्मास मामाच्या पायांमध्ये घट्ट बंद होता. मासा बोटीत आल्याशिवाय थर्मास उघडायचा नाही, हा मामाच्या घराण्याचा नियम. दोन दिवस रोज संध्याकाळी भरलेला थर्मास तसाच काठावर परत येत होता.

"तुझी आमिषं दे ना," ती शेवटी म्हणाली. "तीही छाटते."

मामाने छातीजवळची पत्र्याची डबी हाताने झाकली. आत त्याच्या वडिलांनी पाइनच्या सालीतून कोरलेली सहा आमिषं होती. "माझ्या बापाने एकेक पाण्यात सोडून, घासून, परत सोडून तोललंय. त्यांना कटर लावलंस तर चालत घरी जा."

चालत घर चौऱ्याहत्तर किलोमीटर होतं.

चौथ्या दिवशी वारा पडला. सरोवर नदीला मिळतं त्या मुखाशी त्यांनी नांगराचा दगड सोडला. खाली दोनशे मीटरवर नदीचा खडकाळ उतार, खळाळ, गर्जत होता. सायमीचा आठवा मासा लागला आणि सुटला. तिने रॉड फळीवर आपटला. ती डोकं गुडघ्यांत घालून बसली तेवढ्यात मामाने गुपचूप डबी उघडली.

रीळ किंचाळलं तेव्हाच तिने वर पाहिलं.

"मामा! कुठलं आमिष लावलंस?"

"नंतर भांड! दगड उचल!"

मासा नांगराच्या दोरीभोवती फिरत होता. सायमीने दगड वर ओढला आणि बोट मोकळी झाली. मासा खाली गेला, वर आला, पाठ दिसली. केवढी पाठ! सत्तर सेंटिमीटरच्या पुढे नक्की! मामा गुडघ्यांवर बसला, दोरी हातात घेऊन वाकला. मासा कडेला आला. तिने जाळी पुढे केली.

माशाने पीळ घातला.

मामा ओरडला. गळाचं एक टोक माशाच्या जबड्यात होतं आणि दुसरं मामाच्या अंगठ्याच्या मुळाशी, उलट्या काट्यासकट आत! मासा झटके देत होता. प्रत्येक झटक्याला मामाचा हात पाण्यात ओढला जात होता. आणि बोट वाहत होती. खळाळाचा आवाज वाढला. दीडशे मीटर. शंभर!

"काप!" मामा ओरडला. "दोरी काप!"

दोरी कापून काय होणार? माणूस आणि मासा एकमेकांना शिवलेलेच राहतील. हाताकडचं टोक कापलं तर मासा अख्खं आमिष तोंडात घेऊन जाईल आणि मरेल. दुसरा मासा! माशाकडचं टोक कापलं तर तो सुटेल, बिल्ल्याविना. बारावा मासा, हातातला!

तिने कटर उचललं, थंड पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि जबड्याला लागून टोक पकडलं.

कट्ट!

शेपटीचा एक फटका तिच्या तोंडावर बसला आणि मासा गेला. सायमी वल्ह्यांवर झेपावली. पाय फळीला रोवले. ओढ! ओढ! बोट आडवी फिरली, कड खडकाला घासली. ओढ! फेसाच्या अलीकडे एक काळी कातळाची जीभ पाण्यात आली होती. बोटीचं नाक तिच्यावर चढलं आणि थांबलं.

बराच वेळ दोघंही नुसते धापा टाकत होते.

हातातला गळ काढायला मात्र उलटा रस्ता धरावा लागला. टोक आणखी पुढे ढकलून कातडीबाहेर आणायचं, काट्यासकट छाटायचं, मग उरलेलं मागे ओढायचं. मामाने टोपी दातांत धरली.

"चेपलेला काटा असता," पट्टी बांधताना ती थंडपणे म्हणाली, "तर दोन सेकंदांत निघाला असता."

"माहीतंय."

"आता तरी थर्मास उघड!"

"मासा बोटीत आला का?"

ती उत्तर देणार होती. पण तिची नजर बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर खिळली. आजोबांचं आमिष तिथे तरंगत होतं, एका कुशीवर कलंडून, दारू प्यायल्यासारखं.

"मामा, हे असं कधी तरंगायचं?"

मामाने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "कधीच नाही. बापाने तोललेलं आहे ते."

"तीन टोकांसकट तोललेलं! दोन टोकं गेली की पोटाचं वजनही गेलं." तिने कपाळावर हात मारला. "माझी सगळी आमिषं चार दिवस कुशीवर पोहतायत. मासा तोंड मारतो तेव्हा गळ भलतीकडेच असतो. मी छाटलं, चेपलं, घासलं. वजन तेवढं केलं नाही!"

काठावर येताच तिने माशांचे खवले तोलायचा छोटा वजनकाटा काढला. अख्खा गळ २.१ ग्रॅम. छाटलेला १.२. उरलेल्या एका टोकाच्या दांड्याला तिने शिशाची बारीक तार गुंडाळायला घेतली; जास्त झाली, सोडली; कमी पडली, पुन्हा गुंडाळली. चौथ्या खेपेला २.१. बादलीत आमिष न कलंडता सरळ तरंगलं.

 मामाने डबी उघडून तिच्यासमोर ठेवली आणि पट्टी बांधलेल्या हाताने स्वतःच कटर उचललं.

शेवटच्या सकाळी त्यांना न्यायला पाण्यावर उतरणारं विमान दहाला येणार होतं. नऊपर्यंत काहीच नाही. साडेनऊपर्यंत काहीच नाही. सायमीने शिव्या द्यायचंही सोडलं होतं. नऊ चाळीसला दोरी ताठ झाली.

"सैल सोडू नकोस!" मामा कुजबुजला.

तिने सोडली नाही. काटा नव्हता, तेव्हा ताणच काय तो आधार. खांदे भरून आले. अकरा मिनिटांनी मासा जाळीत आला, जाळी बोटीत आली आणि गळ बोटाच्या नुसत्या धक्क्याने निघाला. रक्ताचा थेंब नाही!

तिने बिल्ला टोचायला मासा वळवला आणि थिजली. पाठीवर आधीच एक पिवळा बिल्ला होता. चार.

"चार नंबर?" मामा कण्हला. "पाच दिवस रडून चार नंबर? मोजलेलाच?"

 सायमीने वही उघडली. क्रमांक चार, सहा ऑगस्ट, बहात्तर सेंटिमीटर, जबड्यात तीन टोकांच्या गळाची जखम. तिने जबडा पाहिला. जखमेच्या जागी पांढरा वण होता. तिने मोजपट्टी लावली. त्र्याहत्तर.

तिने दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरलं. कल्ले उघडले, मिटले. मग तो तिच्या तळव्यांतून ताकदीने निसटला आणि खोल गेला.

डोंगरामागून विमानाची घरघर आली.

"पाच मिनिटं आहेत," मामा घाईने म्हणाला. "टाक परत. बारावा!"

सायमीने आमिष हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि डबीत ठेवून झाकण लावलं.

"नको. बारावा सोडला तरी सभा विचारेल, पुढे जगला कशावरून? हा महिनाभर जगून, वाढून सांगायला आलाय."

 मामाने चांगल्या हाताने थर्मास गुडघ्यांत धरला आणि अडखळला.

"मोजलेला मासा नियमात बसतो का गं?"

"मामा, उघड!"