सीनेच्या उतारावरचा टॉप गिअर

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर खुशाल सोडून द्या, पण ती मला सांगणारे माझे थोरले मामा, कल्लप्पा मिस्त्री, उगाच बोलणाऱ्यातले नव्हते. चहा हवा का विचारलं तरी मानेनेच हो म्हणायचे.

मामा मामा करत बसलो तर गोष्ट लांबेल, म्हणून नुसतं कल्लप्पा म्हणतो.

साल १९३४. मार्गशीर्ष. मंद्रूपहून सोलापूरला येताना सीना नदीकडे उतरणारा तो लांब उतार. वेळ तिन्हीसांजेची.

कल्लप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ चनबसप्पा, दोघे पुण्याची नोकरी सोडून त्याच दिवाळीत घरी सोलापूरला परतले होते. कल्लप्पाने मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. चनबसप्पाला सिद्धलिंगप्पा सावकारांच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हरकी मिळाली. मंद्रूपच्या बाजाराला उतारू न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे.

आणि थोड्याच दिवसांत त्या मोटारीला एक खोड लागली.

टॉप गिअर आपोआप सुटायचा.

सावकार दुकानात आले ते तणतणतच. "आपोआप कसा सुटतो रे? तुझा भाऊच उतारावर गिअर काढतोय. गाडी मोकळी पळवायची, पेट्रोल वाचवायचं आन् बाहेर इकायचं! लई शाणा हाय. येता बाजार झाला की मी पोलिसात जातो. लायसनच काढून घ्यायला लावतो त्याचं."

चनबसप्पा रडकुंडीला आला. "अण्णा, बसवण्णाची आण. मी गिअरच्या दांड्याला हात बी लावत न्हाय."

चोर म्हणून एकदा नाव झालं असतं, तर अख्ख्या सोलापुरात त्याला कुणी स्टिअरिंग धरू दिलं नसतं. दुसरं काम त्याला येत नव्हतं.

कल्लप्पाने गिअरबॉक्स उघडला. उतारावर ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की झिजलेला गिअर बाहेर पडतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने दाते पाहिले. दांड्याला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि छर्रा, दोन्ही बदलले. मग शहराजवळच्या प्रत्येक चढउतारावर गाडी पिदडली.

गिअर जागचा हलला नाही.

आता संशय कुणावर घ्यायचा? घरात एका ताटात जेवलेल्या भावावर? कल्लप्पाने तो घेतला. रात्रभर त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली, पण संशय काही जाईना.

दुसऱ्या दिवशी भावाला घरी बसवून तो एकटाच गाडी घेऊन मंद्रूपकडे गेला. परतताना सीनेचा उतार लागला.

इंजिनाची घरघर चालू होती...

आणि एकाएकी विरली.

दांडा मधोमध, न्यूट्रलला येऊन उभा होता.

झिजलेला गिअर सुटतो तेव्हा दांड्याला झटका बसतो, हाताला कळतो. इथे झटका नव्हता. सरावाच्या हाताने काढावा तसा... अलगद निघाला होता.

कशीबशी गाडी आवरून तो खाली आला. रस्त्याच्या कडेला मायाक्का धनगरीण मेंढरं वळवत होती. ती थेट अंगावरच आली.

"पुन्यांदा मुकीच आणली का गाडी? मागल्या साली बी अशीच आली. आवाज न्हाय, काय न्हाय. समदी मेंढरं रस्त्यात! त्यांना वाचवाया बाळासोनं गाडी लिंबावर घातली आन् जागच्या जागी गेला बिचारा."

"कोण बाळासो?"

"असं काय करतोस? ह्याच गाडीचा डायवर की!"

कल्लप्पा बघतच राहिला. आधीचा ड्रायव्हर कंटाळून गावी करमाळ्याला गेला, असं सावकारांनी सांगितलं होतं.

आता त्याचा संशय भावावरून उठला आणि सावकारांवर जाऊन बसला. सोलापुरात येऊन तो सावकारांना भेटला. एवढंच म्हणाला, "मालक, उद्या तुमी माझ्याशेजारी बसा. चनबसू दुकानात बसल. मग गिअर कोण काढतंय ते बघू."

"बघू की," सावकार हसले. "दोगं भाऊ मिळून काय खेळ करताय ते तरी कळल."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दोघे उताराच्या माथ्यावर आले. कल्लप्पाने डाव्या हाताने दांडा गच्च धरला. सावकारांचे डोळे त्या हातावरच होते.

लिंबाचं झाड दिसू लागलं...

कल्लप्पाच्या मुठीवर कुणीतरी हात ठेवला.

दिसत काहीच नव्हतं. पण हात होता. रुंद, घट्टे पडलेला. जोर नाही, घाई नाही. रोजचं काम करावं तसा तो हात दांडा मागे ओढत होता. कल्लप्पाने दात आवळून धरून ठेवलं, तरी दांडा सरकला.

इंजिनाचा आवाज पडला.

खाली मायाक्काची मेंढरं रस्ता ओलांडत होती.

कल्लप्पा ब्रेकवर उभाच राहिला. जुन्या गाडीचे ब्रेक ते, भरधाव मोकळ्या गाडीला कुठले आवरतात? हॉर्नचा रबरी फुगा त्याने दाबला. त्यातून नुसती हवा गेली. मेंढरांनी मानासुद्धा वर केल्या नाहीत.

शेजारून सावकारांचा आवाज आला. बारीक, ओळखू न येणारा.

"बाळासो... ऱ्हाऊ दे रे. मीच सांगितलं हुतं. चुकलो मी. आता नगं वाचवू पेट्रोल... बाळासो!"

क्षणभर काहीच झालं नाही.

मग कल्लप्पाच्या मुठीखालचा दांडा हलला. त्याचा पाय क्लचवर नव्हता. गिअरचे दाते खरखरले नाहीत. दांडा गुपचूप टॉपमध्ये जाऊन बसला, इंजिन गुरगुरत गाडीला आवरू लागलं, त्या आवाजाने मेंढरं उधळली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

कल्लप्पाने इंजिन बंद केलं.

"मालक, उतारावर गिअर काढाया बाळासोला तुमी सांगितलं हुतं?"

सावकारांनी मान खाली घातली. "रोज."

पोलिसात कुणी गेलं नाही. चनबसप्पाचं लायसन शाबूत राहिलं, पण त्या गाडीवर तो पुन्हा बसला नाही.

कल्लप्पाने गिअरबॉक्स आणखी एकदा उघडून पाहिला. त्यात काही दोष नव्हता.

पुढे मी स्वतः मामांच्या गाडीतून मंद्रूपला गेलोय. परतताना त्या उतारावर ते डावा हात दांड्यावरून उचलायचे आणि मांडीवर ठेवायचे. दांडा मोकळा सोडून द्यायचे.

"मामा, हात का काढला?" मी एकदा विचारलं.

"असू दे की," ते म्हणाले. "बाळासोला दांडा लागला तर..."

मी दांड्याकडे बघायचं टाळलं. अजूनही तिथून जाताना टाळतो.