निरोप मिळाला, आभार

हेबेर ओलिवेराची आणि माझी ओळख माझ्या तेलकट बोटांमुळे झाली.

आमच्या ताकुआरेंबो गावात पाऊस लागला की घरोघरी तोर्ता फ्रिता तळतात. जाडसर पुऱ्याच त्या, मधे भोक असलेल्या. मी रेडिओ केंद्रातलं काम आटोपून घरी निघाले होते, हातात कागदात गुंडाळलेल्या चार गरम तोर्ता. पाऊस वाढला तशी समोर दिसलेल्या पहिल्या उघड्या दारात शिरले. ते हेबेरचं सायबर कॅफे निघालं. मी एका कीबोर्डसमोर टेकले.

"बाई, खायचं तर खुशाल खा. पण कीबोर्डला चरबी चोळू नका."

"मी हात लावलेला नाही."

"मग हे बटण चिकटलं कुणामुळे?"

"माझ्याआधी जी बसली होती तिच्यामुळे."

"सकाळपासून इथे कुणी आलेलं नाही."

मी एक तोर्ता पुढे केली. त्याने घेतली. खटला मिटला.

भिंतीवर जाहिरात होती : 'तीन महिन्यांत पीएचपी शिका, स्वतःची वेबसाइट बनवा.'

"विद्यार्थी किती आहेत?" मी विचारलं.

"तुम्ही बसलात तर एक," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या जरा आधी मिटायचा. पीएचपी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या डोळ्याची वेळ नक्की किती चुकते, ते बघायला तीन महिने पुरतील असं वाटलं.

रेडिओवर माझं काम निरोप वाचण्याचं. आमच्याकडे गावाबाहेर दूर दूर वस्त्या, तिथे फोन नाहीत. मग लोक निरोप रेडिओवर देतात. 'पासो ओन्दोच्या दोन्या एल्विरा यांना : डॉक्टर मंगळवारी येतील, कुत्रं बांधून ठेवा.' मी वाचला की निरोप पोहोचला. पोचपावती कुणी मागत नाही. फार तर निरोप बसमधल्या कुणासाठी असला, तर ड्रायव्हर रेडिओच्या दारावरून जाताना दोनदा हॉर्न द्यायचा. मी त्याला शिष्टाचार समजायचे.

हा धंद्याचा संस्कार घेऊन मी पीएचपीच्या वर्गात बसले... आणि तिथेच माती खाल्ली.

पहिल्या दिवशी पानावर अक्षर उमटेना. "आठव्या ओळीवर चूक आहे म्हणतंय, मास्तर. आठवी ओळ तर छान आहे!"

"सातवी बघ. शेवटचा अर्धविराम खाल्लास." पहिल्याच आठवड्यात तो अहोवरून अगंवर आला होता. "या यंत्राचं दुखतं एकीकडे आणि ते बोट दाखवतं एक ओळ पुढे."

"बायकांसारखं?"

"बायकांचं मला काय ठाऊक... पुरुष तर बोटही दाखवत नाहीत."

मग फाइलीच्या डोक्यावर मी एक कोरी ओळ सोडली, तेवढ्यावरून यंत्र तासभर भांडलं. मग एका पानावर दिलेलं नाव दुसऱ्या पानावर गेलं की ते साफ विसरायला लागलं. "प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्याला ओळख द्यावी लागते, झुल्मा. नाहीतर ते तुला ओळखत नाही."

"आणि तू? उद्या मी दारातून आले तर ओळखशील?"

"तोर्ताच्या वासावरून," तो म्हणाला. मग उगाचच वायरी तपासत बसला. कान लाल झाले होते त्याचे.

आमच्यामध्ये मातेचा, म्हणजे आमच्याकडच्या कडू हिरव्या चहाचा, पोखरलेला भोपळा फिरायचा. त्याने भरायचा, मी नळीने ओढून परत द्यायचा, त्याने पुन्हा भरायचा. आमच्याकडे माते पिऊन भोपळा परत देताना 'आभार' म्हणत नाहीत. आभार म्हटलं की त्याचा अर्थ बस, आता मला नको. त्या तीन महिन्यांत मी एकदाही आभार मानले नाहीत. रात्री झोप यायची नाही ती वेगळी.

परीक्षा म्हणून मी सायबरचीच वेबसाइट केली. तिच्यात 'निरोप पाठवा' असं एक पान होतं. कुणी काही लिहिलं की ते हेबेरला टपालाने, म्हणजे ईमेलने, जावं. पण टपालाच्या ओळीवर यंत्र सारखं कुरकुरायचं, म्हणून मी त्या ओळीआधी @ टाकलं. हे चिन्ह लावलं की ओळ चुकली तरी यंत्र तोंड मिटून बसतं. त्याखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं : 'तुमचा निरोप मिळाला. आभार!'

हेबेर वाकून बघत होता. "निरोप गेला की नाही ते आधी बघ. मग आभार मान."

"दिला म्हणजे गेलाच की."

"रेडिओ नाही हा, बाई."

"आणि टपालाची सोय या यंत्रावर तू केव्हा बसवणार, मास्तर?"

"पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. तो विषय आम्ही दोघांनी मिळून तिथेच पुरला.

त्या वर्षी कामाच्या शोधात अर्धं गाव स्पेनला निघालं होतं. हेबेरच्या चुलतभावाने तिथल्या विगोहून तिकीट धाडलं. हे त्याने मला सांगितलं ते पडद्याकडे बघत. मीही पडद्याकडे बघतच "छान" म्हटलं.

हजार लोकांचे निरोप मी माइकवर खणखणीत वाचले असतील. स्वतःचा मात्र तोंडाने देता येईना. दुपारी रेडिओच्या कचेरीतून त्याचं पान उघडलं... म्हणजे माझंच. लिहिलं : 'जाऊ नकोस. चूक कुठल्या ओळीवर आहे ते मला कोण दाखवणार? — झुल्मा.' बटण दाबलं.

'तुमचा निरोप मिळाला. आभार!'

मी माझ्याच वाक्यावर विश्वास ठेवला.

एक दिवस गेला, दोन गेले. तो काही बोलेना. नेहमीसारखा माते भरायचा, मान खाली. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का, झुल्मा?"

किती निगरगट्ट माणूस, मला वाटलं. माझ्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचंय याला!

"सांगायचं ते सांगून झालंय माझं."

त्याने भोपळा पुढे केला. मी ओढला, परत दिला, आणि म्हणाले, "आभार."

त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने भोपळा रिकामा करून पालथा ठेवला. शनिवारी तो गेला.

सोळा वर्षं झाली. मधे मी एक लग्न करून पाहिलं. दंतवैद्य होते. माणूस सज्जन, पण मी तोंड उघडलं की दाढांकडेच बघायचे. ते सामोपचाराने मिटलं. रेडिओ मात्र चालू राहिला.

गेल्या मार्चमध्ये हेबेर आला. आई वारली होती, घर आवरायला. रेडिओच्या दारात उभा, केस पांढरे, डावा डोळा अजून आधीच मिटणारा.

"ओळखलंस?"

"ओळख द्यावी लागते प्रत्येक पानावर," मी म्हटलं, आणि माते भरला.

विगोत बायको आहे, दोन मुली. फोटो दाखवले. मोठी त्याच्यावर गेलीय. मी छान म्हटलं, यावेळी त्याच्या तोंडाकडे बघून. मग माझ्याच्याने राहवेना.

"माझ्या निरोपाला उत्तर तरी द्यायचंस, हेबेर. नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं."

"कुठला निरोप?"

"तुझ्या पानावरून पाठवलेला. मिळाला असं लिहून आलं होतं मला!"

त्याने हळूच विचारलं, "कुणी लिहिलं होतं ते?"

मी भोपळ्यात उगाचच पाणी ओतलं.

"मी," शेवटी म्हणाले.

"आणि टपालाची सोय मी कधी बसवलीच नाही," तो म्हणाला. "निघायच्या दिवसापर्यंत वाट बघत होतो. तू 'नको जाऊस' म्हणाली असतीस ना, तर तिकीट फाडलं असतं. पण तू आभार मानलेस."

भोपळा चारदा फिरला. शेवटी तो उठला. परतीची बस दोनची होती. भोपळा परत देताना त्याने आभार मानले नाहीत.

"काय लिहिलं होतंस?"

"ड्रायव्हरला रेडिओ लावायला सांग," मी म्हटलं.

दोनला मी माइकसमोर बसले. दोन्या एल्विरांच्या नातीचा निरोप वाचला, शेळ्यांच्या लसीचा वाचला. मग नेहमीच्याच आवाजात :

"दोनच्या बसने निघालेले हेबेर ओलिवेरा यांना. जाऊ नकोस. चूक कुठल्या ओळीवर आहे ते मला कोण दाखवणार? — झुल्मा. निरोप सोळा वर्षं जुना आहे, त्यावर काही करायचं नाही. फक्त मिळाला का... तेवढं कळवावं."

माइक बंद केला आणि खिडकी उघडली.

बस दारावरून गेली. दोनदा हॉर्न वाजला. मग तिसऱ्यांदा वाजला तो थांबेचना, चौक ओलांडला, पूल ओलांडला तरी वाजतच होता. समोरचा औषधवाला बाहेर येऊन कानांवर हात ठेवून ओरडला, "झालंय काय त्या ड्रायव्हरला?"

"काही नाही," मी म्हटलं. "निरोप मिळाला."