गिळलेला शब्द

मिहानच्या उद्योगनगरीतल्या त्या कंपनीत खोकला मोजायचं काम चाले. लकडगंज वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ठेवलेल्या यंत्रांतून आवाज येत आणि उत्तरानं लिहिलेला प्रोग्राम त्यांतले खोकले वेगळे काढी. उत्तरा पुण्याहून संख्याशास्त्र शिकून परतलेली. शेजारच्या टेबलावरचा धम्मानंद जो कोड लिहायचा, तो तिला बघवत नसे. त्याचं बोलणंही ऐकवत नसे.

"आवाजांच्या सगळ्या फायलींना एक ओळ पुरते," ती त्या दुपारी म्हणाली. "फंक्शनचं नाव द्या, स्वल्पविराम द्या, पुढे सूचना लिहा. ती यादीतल्या प्रत्येकापर्यंत आपोआप जाते. तुम्ही प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगत बसता."

"लिहिली होती मॅडम. काही फरक नाही पडून राहिला."

तिनं त्याची ओळ पाहिली आणि नाकातल्या नाकात हसली. सूचनेचं स्पेलिंगच चुकलं होतं. "हे नाव फंक्शनला ठाऊकच नाही. त्याच्या कंसात तीन टिंबं असतात, ती असलं सगळं गिळून टाकतात. तक्रारसुद्धा करत नाहीत."

"पण गिळलेलं जाते कुठं?"

असे प्रश्न विचारणाऱ्यांना पगार कशाचा मिळतो, हे उत्तराला कोडंच होतं. "कुठंही नाही," ती म्हणाली, आणि दाखवायला म्हणून तोंडाला आला तो शब्द त्या ओळीत टाकला: गप्प. "बघा. काही होणार नाही."

यादीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या नावापुढे खोकले शून्य आले.

"सर्व्हर," ती पुटपुटली आणि हेडफोन चढवून सकाळच्या फायली ऐकू लागली. पहिलीत पंखा घरघरत होता, भांडं पडलं, बाहेरून ट्रक गेला. माणूस तेवढा नव्हता. दुसरीत श्वास होता, खोकला घशाशी दाबून धरल्यासारखा. तिसरीतही तसाच, अगदी माईकजवळ.

तिनं शब्द खोडला. ओळ पुन्हा चालवली.

शून्य.

"फायली तुम्हीच बिघडवल्या असणार," ती म्हणाली.

तेवढ्यात धम्मानंदच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मीराबाई लकडगंजातच राहत. एक यंत्र त्यांच्याही घरी होतं. पडद्यावर त्यांचे ओठ भराभर हलत होते.

"काय म्हणून राहिली वं आई? ऐकू नाही येऊन राहिलं."

"म्यूट असेल," उत्तरा म्हणाली. "तेवढंही कळत नाही लोकांना."

फोनमधून कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू आली.

धम्मानंद उठून उभा राहिला. "मॅडम, तो शब्द काढा."

"काढलाय."

"मग परत बोलवा त्याले."



मीराबाईंचे ओठ थांबले. त्या कॅमेऱ्याजवळ आल्या. मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून त्यांची नजर उत्तरावर येऊन थांबली.

मग वर्गात दटावलेल्या पोरीसारखं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि समजलं अशी मान हलवली.