नाव न घासलेला डबा

नळदुर्गात हायवेला लागूनच धोंडीबाचं वर्कशॉप आहे. ट्रकचे पाटे, ट्रॅक्टरचे रॉड, रसवंतीच्या चरकाची चाकं, असला सगळा पसारा. त्या पसाऱ्यात अर्पिताच्या साच्याला मात्र जावयाचा मान होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

साचा म्हणजे नुसता पोलादी ठोकळा. आत अंगठ्याएवढी रुंद वाट, वरून सरळ खाली येऊन मध्येच काटकोनात वळलेली. वरून अॅल्युमिनियमची दांडी घालून प्रेसनं दाबली की ती कोपऱ्यात वळून बाजूनं बाहेर पडते, हाताला कोमट लागते. जाडी होती तेवढीच राहते, पण आतले कण चुरून बारीक होतात आणि धातू बळकट होतो. अशा आठ फेऱ्या. तुळजापूरच्या कॉलेजात अर्पिता हेच शिकवायची.

या खेपेची दांडी मात्र तिच्या वडिलांच्या पायासाठी होती. तीन वर्षांपूर्वी बाबूराव आणि सत्यभामाबाई देवीचा नैवेद्य घेऊन मोटारसायकलवरून निघाले आणि तुळजापूर रस्त्यावरच्या वळणावर गाडी घसरली. आई गेली. वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पायाची घोट्याजवळची दांडी दोनदा वाकली, दुसऱ्यांदा ते अंगणातच आपटले, आणि तेव्हापासून बाजेवरून उठेनात. एकदा स्वतःच्या पायांनी देवीच्या पायऱ्या उतरायच्या, राहिलेला नैवेद्य पोचवायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांनीच तिला नैवेद्याचा तो चेपलेला अॅल्युमिनियमचा डबा दिला. "तिच्या हातात हाच व्हता. ह्याचंच कर कायतरी."

अर्पितानं डबा वितळवला, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घालून दांडी ओतली. धोंडीबा बघत उभा होता.

"ताई, नाव घासलं व्हतं का?"

झाकणावर टिंबाटिंबांनी 'सत्यभामा' असं घातलेलं होतं. भांडं मोडीत काढायच्या आधी त्यावरचं नाव कानशीनं घासायचं, ही रीत तिला माहीत होती. आईनंच शिकवलेली.

"मामा, सातशे अंशाला नाव राहतंय का कुठं?" ती हसली.

धोंडीबा हसला नाही. "नाव घासलं की भांड्याला कळतं, घर सुटलं म्हणून."

पहिल्या फेरीला प्रेसचा काटा तीस टनांवर गेला. ठीक होतं. दांडी बळकट होत जाते तसा पुढं जोर जास्त लागतो, काटा चढायला हवा.

दुसऱ्या फेरीला सव्वीस. तिसऱ्या फेरीला एकवीस.

अर्पितानं तेल तपासलं, काटा बदलला, साचा उघडून पाहिला. झीज कुठंच नव्हती. दुसरी एक साधी दांडी घालून बघितली तर बरोबर तीस टन लागले. मग पुन्हा डब्याची घातली. पंधरा.

"मऊ पडली असंल."

"नाही मामा. कडकपणा दुपटीच्या वर गेलाय." तिनं तीनदा मोजलं होतं.

आठव्या फेरीला धोंडीबानं पंपाचा दांडा एकदाच खाली ओढला आणि हात काढून घेतला. दांडी कोपऱ्याशी पोचली असेल. काटा शून्यावर आला, आणि दांडी सावकाश, आपली आपण, बाजूनं बाहेर आली.

"वळण ठावं हाय तिला," धोंडीबा म्हणाला.

अर्पिता घाबरली होती. पण चाचण्यांत दांडी कुठंच कमी पडेना, आणि वडिलांचे दिवसातून दोनदा फोन. तिनं ती कापून पायात बसवली. उरलेला बोटभर तुकडा पर्समध्ये टाकला.

चार दिवसांनी, शुक्रवारी, बाबूराव अंगणात बारा पावलं चालले. अर्पिताला रडू आवरेना. नैवेद्याचा नवा डबा मांडीवर घेऊन ते गाडीत बसले.

वळण आलं तसे ते म्हणाले, "थांबव."

अकराचं ऊन होतं. काढणी झालेल्या ज्वारीचं रान. डबा सीटवर ठेवून ते उतरले, रस्त्याच्या कडेनं थोडं चालले, आणि डावं पाऊल एकदम काटकोनात फिरलं. खाली, ओढ्याकडं.

"आण्णा, तिकडं कुठं?"

"म्या न्हाय वळत. पायच वळतोय."

उतारावर त्यांचा तोल एकदाही गेला नाही. एका बाभळीखाली ते थांबले.

"ती लगेच गेली नव्हती, अर्पिता. म्या समद्यांना खोटं सांगितलं." त्यांचा आवाज सपाट होता. "हितनं हाका मारत व्हती. तासभर. मला सरकता आलं न्हाय."

मग खाली बघून हळूच म्हणाले, "आलो गं."

अर्पितानं त्यांचा दंड धरला. "चला आण्णा. देवीचं राहिलंय."

त्यांनी उजवा पाय उचलला.

डावा उचलेना.

तिनं वाकून दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही.

"पायाचे पट्टे सोडा, आण्णा."

त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला, पण सोडला नाही. "राहू दे. तिनं लई वाट बघितलीय."

धोंडीबाला फोन करायला तिनं पर्समध्ये हात घातला. बोटांना तो तुकडा लागला. कोमट होता, आत्ताच प्रेसमधून निघाल्यासारखा.

अंगठ्याखाली बारीक बारीक टिंबं होती. न बघताच तिला ती वाचता आली.