खारट धूर

पोरांनो, आधी ते मोबाइल पालथे ठेवा. तोंडावर उजेड पडला की मला बोलवत नाही. हं, आता कसं. चोपड्याचा नथ्थू मिस्त्री तुम्हाला माहीत नसेल, मला आहे. डाव्या कानानं ठार बहिरा. तो बहिरा कसा झाला ते मी त्याच्याच ओट्यावर बसून ऐकलंय, आणि निम्मं तर पोलिसांच्या पंचनाम्यात आहे. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

साल दोन हजार चोवीस, मे महिन्याची अठरा तारीख, शनिवार. वैशाखातली दशमी. चोपड्याकडच्या एका मळ्यातली डीपी जळून पाच दिवस झाले होते. वीज नाही, पाणी नाही, केळीनं माना टाकलेल्या. मळ्याचा मालक प्रेमराज. त्यानं बापाच्या वेळचं डिझेल इंजिन विहिरीवर लावलं, तर ते नुसता धूर ओकायला लागलं. असल्या एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनाला हात लावणारा तालुक्यात एकच माणूस उरला होता, नथ्थू. प्रेमराजनं नाइलाजानं त्याला फोन केला.

नाइलाज का? नथ्थूची बहीण कुंदाबाई प्रेमराजच्या धाकट्या भावाला, भटूला दिलेली. आणि भटू आठ महिने बेपत्ता. वाटणीवरून दोघा भावांत वाजलं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रेमराज सांगत सुटला की तो रुसून सुरतला गेला. ना फोन, ना निरोप. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली की कुंदाबाई दारात येऊन उभी राहायची.  नथ्थूला इंजिनाशी काही घेणंदेणं नव्हतं. बहिणीचा नवरा जिवंत आहे की नाही, एवढं प्रेमराजच्या तोंडून काढायचं म्हणून तो पान्यांची पिशवी घेऊन निघाला.

रात्री साडेअकराला मळ्यात पोचला. दोघांशिवाय तिसरा माणूस नाही. विहिरीच्या काठाला इंजिन, त्याच्यासमोर चार हातांवर पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची खोली. दिवाळीला चुना मारलेली, पांढरीशुभ्र भिंत. सायलेन्सरचं तोंड नेमकं त्या भिंतीकडे.

आता धुराचं नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन आपलंच ऑइल जाळतंय. पांढरा म्हणजे एक तर डिझेल नीट पेटत नाही, नाहीतर आत पाणी शिरलंय. हे इंजिन थंड राहायचं ते विहिरीच्याच पाण्यावर. हेडचं पॅकिंग फाटलं की तेच पाणी आत जातं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. आता डिझेल की पाणी, हे नथ्थू जिभेनं ठरवायचा. सायलेन्सरपुढं तळवा धरायचा आणि जमलेली ओल चाटून बघायची. त्याच्या उस्तादाची रीत. बायको शिव्या घालायची, पण यानं काही सोडली नाही.

प्रेमराजनं हँडल मारून इंजिन सुरू केलं. धूर पांढरा होता. नथ्थू उकिडवा बसला, तळवा धरला, चाटला.

खारट.

त्याला वाटलं जीभ चावली गेली. थुंकून बघितलं, थुंकी साफ. पुन्हा तळवा धरला, पुन्हा चाटलं. खारट, आणि लोखंडाच्या चवीचं. बोट कापल्यावर आपण चोखतो ना, ती चव. आणि त्या विहिरीचं पाणी अख्ख्या शिवारात गोड म्हणून नावाजलेलं.

 इंजिनात पाणी येतंय ते विहिरीतून. मग विहिरीत...

त्यानं मान न वळवता विचारलं, "प्रेमराजभाऊ, विहिरमा काय शे?"

 मागून इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल आलं. डाव्या कानावर. कानात काहीतरी फुटलं आणि गरम रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. नथ्थू आडवा झाला. दुसरा घाव बरगड्यांवर. तिसराही तिथंच.

"भटूले बी हाऊच हँडल लागना व्हता," प्रेमराज म्हणाला. पाण्याची पाळी सांगावी इतक्या थंडपणानं.

बहिणीचा नवरा मेला, हे नथ्थूला असं कळलं. तोंड मातीत, आणि प्रेमराजनं पाय धरून त्याला विहिरीच्या कडेला ओढत नेलेलं. डोकं काठाबाहेर लोंबलं. खाली काळं पाणी.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला.

कुणी हात लावला नव्हता. चढला... आणखी चढला. काठाची माती थरथरायला लागली. आवाजानं शेजारचे राखणदार उठतील म्हणून प्रेमराजनं पाय सोडले आणि तो धावला. डिझेलचा कॉक बंद केला.

डिझेल बंद. इंजिन चालूच.

असं सुटलेलं इंजिन हवा कोंडली की मरतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. प्रेमराजनं हवेच्या नळीवर तळवा दाबून धरला.

नळी किती, तीन बोटांची.

पंजा आत गेला.

प्रेमराजनं ओढून बघितलं. मनगट गेलं. हाडं मोडायचा आवाज... नथ्थू म्हणतो, डाव्या कानात त्यानंतर दुसरा आवाज शिरलाच नाही. कोपर गेलं. प्रेमराज एकदाच ओरडला, भावाचं नाव घेऊन.

मग खांदा.

हवा कोंडली आणि धूर काळा झाला. डांबरासारखा. सगळा समोरच्या भिंतीवर.

मग इंजिन बंद पडलं.

...

राखणदार आले तेव्हा नथ्थू विहिरीच्या काठावर बेशुद्ध, आणि प्रेमराज इंजिनाला टेकून मेलेला. दोघांपैकी कुणीही धुराच्या वाटेत नाही. तीन दिवस विहीर उपसली. तळाला दगड बांधलेलं पोतं निघालं, त्यात भटू. कवटी डाव्या बाजूनं फुटलेली. इंजिनानं हात कसा ओढला, यावर पंचनाम्यात नुसतं "अपघात" लिहिलंय. लिहोत बिचारे. साहेबाला तरी काय सांगणार?

पण भिंत मी स्वतः बघितली. अख्खी काजळीनं काळीकुट्ट, आणि मधोमध एक माणूस बसेल एवढी जागा कोरी. चुना जसाच्या तसा. सायलेन्सर आणि भिंत यांच्यामध्ये कुणीतरी बसलं होतं आणि धूर त्याच्या अंगावर अडला होता. डोकं, खांदे, एक गुडघा वर, दुसरा पाय दुमडलेला.

दहाव्यानंतर कुंदाबाईनं हट्ट धरला, तेव्हा नथ्थू तिला तिथं घेऊन गेला. मी होतो सोबत. ती रडली नाही. त्या कोऱ्या जागेसमोर उभी राहून तिनं पदर नीट डोक्यावर घेतला.

"आसाच बसे तो," म्हणाली, "एक पाय मुडपीसन."