चिमटा सरळ होता

साहेब, तुम्ही एक खून लिलावात काढला.

तुमचं नाव लिहीत नाय. तुमच्या ऑफिसचंही नाय. वाचलं की तुमचं तुम्हाला कळेल, कुणाबद्दल चाललंय ते.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण म्हणतो, ही खरी आहे. मी म्हणत बसत नाय. माझा धाकटा भाऊ सांडू मुकुंदवाडीत खाटेवर पडलाय. डावा पाय गुडघ्याखाली नाय. या, बघून जा.

मी कडूबा. सातवी नापास. छत्रपती संभाजीनगरात, मुकुंदवाडी स्टेशनाजवळ माझं सायकलचं दुकान. लिहायला मला कुणी शिकवलं नाय, पाना धरायलाही नाय. दोन्ही मार खाऊन शिकलो.

घडलं ते १९ मे २०२३ ला. शुक्रवार. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. दौलताबादच्या अलीकडचा वडाच्या झाडांचा जुना रस्ता.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं.

पण आधी सायकल सांगतो.

मार्चमध्ये तुमच्या ठाण्याच्या आवारात बेवारस सायकलींचा लिलाव झाला. अकरा सायकलींचा ढीग मी उचलला. सगळं भंगार. तळाशी एक रेसर होती. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, लोखंडी. काही दुर्मिळ नव्हे. कंपनीनं हजारांनी काढलेली. आमच्या पोरवयात शहरात प्रत्येक गल्लीत एखादी असायचीच.

सांडूनं ती बघितली आणि तिथंच उकिडवा बसला.

"दादा, ही मला पायजे."

"मोडून पडलीय ती."

"तू हायेस की. लोक म्हणतात, कडूबा मिस्त्री मेलेली सायकल उठवतो."

"फुकटात पंक्चर काढून घ्यायचं असलं की लोक असंच म्हणतात."

सांडू हसला. तो कंपनीत फिटर. वय चौतीस, लग्न झालेलं, पण शर्यतीचं वेड जात नव्हतं. दिवाळीनंतर एक शर्यत होती. या रेसरवर ती मारायची, असं त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

सायकल दुकानात टांगली. आमची एक रीत आहे. पाना लावायच्या आधी सायकल वाचायची. मार कुठून बसला, किती बसला.

मी वाचली.

मागचं चाक द्रोणासारखं दुमडलेलं. मागचा त्रिकोण पुढं दबलेला. सीटखालची नळी चेपलेली, वरून काहीतरी जड गेल्यासारखी.

पुढचं चाक मात्र... साफ. गरगर फिरवलं. जरा डुगडुगलं नाय. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. तो चिमटा सुतासारखा सरळ.

तिथंच थांबायला हवं होतं. मी दुरुस्ती सुरू केली.

पहिल्या दिवशी मागचा ब्रेक खोलला. सांध्यात पांढरं काहीतरी अडकलेलं. टोच्यानं काढलं...

दात होता.

अख्खा. मुळासकट.

कुत्र्याचा असेल म्हणून नालीत फेकला. साहेब, मी तो नालीत फेकला.

दुसऱ्या दिवशी गंज खरवडला. खालून जुना निळा रंग निघाला आणि वरच्या दांडीवर पेंटरनं काढलेली अक्षरं. शफीक, सिल्लेखाना. म्हणजे शहरातला तो मोहल्ला.

"पूस दादा," सांडू म्हणाला. "दुसऱ्याच्या नावाची सायकल कोण चालवंल?"

"आन् धनी सापडला तर?"

"सापडायचा असता तर लिलाव कशाला झाला असता? सरकारी काम हाय. त्यांनी बघितलंच असंल की."

तुम्ही बघितलं असेल, यावर आमचा विश्वास होता. म्हणून मी पॉलिश पेपर घेतला आणि नाव घासून टाकलं.

त्याच दुपारी दुकानाबाहेर गाडी येऊन थांबली.

जीपचं इंजिन. डिझेलचा वास. कुणी आलं असेल म्हणून बाहेर गेलो...

रस्ता रिकामा.

धूळ मात्र हवेत. आत्ता उडालेली. आणि इंजिन चालूच होतं, माझ्यापासून चार हातांवर. तिथं काही नव्हतं आणि ते घुरघुरत होतं.

घड्याळ बघितलं. बारा चाळीस.

मग रोज. बारा चाळीसला यायचं, पाच मिनिटं थांबायचं, जायचं. शेजारचा चहावाला दुपारचा ठेला बंद ठेवू लागला. विचारलं तर म्हणाला, "ऊन लई हाय." मार्चमध्ये.

एप्रिलमध्ये फ्रेम सरळ करायला घेतली. शिकंज्यात आवळली. मागच्या त्रिकोणात लांब पाइप घातला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सांडू. दम लावला.

कट्ट...

लोखंड असं वाजत नाय. लोखंड कुरकुरतं. हे ओलं वाजलं.

"तुझा हात मोडला का रं?" मी ओरडलो.

"मला वाटलं तुझा."

दोघांचे हात शाबूत होते. आणि शिकंज्यापाशी... कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास आत ओढला. दुखलं की ओढतात तसा.

सांडू म्हणाला, "नळीत हवा असंल."

मी म्हणालो, "व्हय."

आणि आम्ही पुन्हा दम लावला. चार वेळा. चारही वेळा ते ओलं वाजलं. पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा ताणून बघतात. दोन्हीकडचं अंतर सारखं आलं की फ्रेम सरळ. सारखं आलं. मला अभिमान वाटला. चेपलेली नळीही कापून नवी जोडली आणि जुनी भंगारात टाकली.

दुसऱ्या दिवशी लाली मेली.

लाली म्हणजे दुकानाच्या दारात पडून राहणारी कुत्री. बारा चाळीसला ती उठली. भुंकली नाय. शेपूट आत घालून मागं सरकली. पायरीला पाठ लागली, मागं जागा नव्हती...

आणि फुटली.

दुसरा शब्द मला सापडत नाय. आमच्या डोळ्यांदेखत तिचं पोट जमिनीला टेकलं आणि तोंडातून सगळं बाहेर आलं. रस्त्यावरून साधी हातगाडीही गेली नव्हती.

"सांडू, ही सायकल परत भंगारात जाऊ दे."

तो लालीकडं बघत नव्हता. तरी म्हणाला, "दीड महिना घाम गाळला दादा. कुत्रीपायी सोडू? आधीच कुठंतरी मार बसला असंल तिला."

आमच्या घराण्यात डोकं असतं, पण ते वेळेवर चालत नाय.

मेच्या त्या शुक्रवारी सांडूला सुट्टी होती. सायकल निळीच रंगवली होती, चकाकत होती. मी म्हणालो, सकाळी जा. तर घरात पाहुणे. निघायला अकरा वाजले. मी मागून माझ्या लुनावर. वळणाचा, चढाचा रस्ता त्याला हवा होता म्हणून जुन्या रस्त्यानं गेलो. नवा रस्ता झाल्यापासून तिकडं गाडी फिरकत नाय.

सांडू पुढं वीस पावलांवर. खाली वाकून, मस्त लयीत. पायडल थांबवलं की फ्रीव्हीलची टिकटिक मला मागं ऐकू येत होती.

मग ती थांबली.

पाखरंही थांबली. लुनाचा आवाजही मला येईना...

फक्त मागून एक इंजिन.

वळून बघितलं. रिकामा रस्ता, झाडं, ऊन. इंजिन जवळ आलं. अजून जवळ. गरम हवेचा लोट माझ्या अंगातून आरपार गेला आणि मी लुनासकट खड्ड्यात पडलो. पुढं जाताना गिअर बदललेला ऐकला. वेग वाढवला होता.

"सांडू!"

त्यानं मान वळवायला घेतली. सायकलीचं मागचं चाक कागदासारखं दुमडलं. सांडू वर गेला. माझ्या उंचीच्या वर. आणि तोंडावर पडला.

इंजिन थांबलं नाय. पुढं जाऊन उभं राहिलं, घुरघुरत.

मग माणसं बोलली. त्या रिकाम्या जागेतून. साफ ऐकलं मी.

"साहेब, हलतोय अजून."

 मग दुसरा आवाज. शांत. जेवण झाल्यावर बोलतात तसा.

"मग उद्या बोलंल तो. घे मागं."

रिव्हर्स पडला. खर्रर्र.

सांडू सायकलीत अडकला होता. कोपरांवर सरपटायला बघत होता. पहिल्यांदा सीटखालची नळी चेपली. आपोआप. मी जोडलेली नवी नळी, डब्यासारखी आत गेली. मग त्याचा पाय. पायावर काही नव्हतं, साहेब. तरी तो डांबरात दाबला जात होता. हाड कातडीतून बाहेर आलं. मला दिसलं. सांडू ओरडला नाय. त्याला दमच नव्हता. ते वर चढत होतं, मांडीकडं, कंबरेकडं...

मी देवाचं नाव घेतलं नाय. दगड उचलला. दोन्ही हातांत मावेल एवढा. आईवरून शिवी दिली, धावत जाऊन रिकाम्या हवेत मारला.

टण्ण.

पत्र्यावर बसला.

हवेत बसला आणि खाली पडला. इंजिन अडखळलं. आत कुणीतरी "कोण हाय रे?" म्हणालं. मी दुसरा मारला. तिसरा. मग गिअर पडला आणि आवाज दौलताबादकडं पळत गेला.

सांडू वाचला. त्याच्या वेळी दगड मारायला कुणीतरी होतं.

तुमच्या माणसानं दुसऱ्या दिवशी कागद लिहिला. 'दारूच्या नशेत सायकल समोरून झाडावर आदळली.'

मी म्हणालो, "माझा भाऊ सुपारीसुदिक खात नाय. आन् झाड कुठाय? तो रस्त्याच्या मधोमध पडला होता."

"मग काय लिहू? भुतानं उडवलं?"

"लिहा."

तो हसला. बाकीचेही हसले.

मग मी सिल्लेखान्यात गेलो. शफीकचं घर शोधायला दोन तास लागले. दार त्याच्या बहिणीनं उघडलं. फहमिदाआपा. पन्नाशीच्या आहेत, घरीच शिवणकाम करतात. सायकलीचं नाव काढलं तशी त्यांनी हातातली कात्री ठेवली आणि मला आत घेतलं.

शफीक १९९६ च्या मेमध्ये मेला. शर्यतीत सायकल मारायचा. त्याच रस्त्यावर दुपारी सरावाला गेला होता. आपांनी पेटीतून घडीवर फाटलेला कागद काढला. 'दारूच्या नशेत सायकल समोरून झाडावर आदळून मयत.'

तेच शब्द.

"माझा भाई आणि दारू?" आपा म्हणाल्या. "अम्मीला मोहल्ल्यात तोंड दाखवता आलं नाही. तशीच गेली ती. सत्तावीस वर्षं मी एकच मागते, सायकल दाखवा. कोणताही मिस्त्री सांगेल, मार समोरून बसला की मागून. हर बार म्हणतात, मुद्देमाल मिळून येत नाही."

मी तो कागद पुन्हा वाचला.

"भाई, तुम्ही पाहिली ना? समोर कशी होती?"

"समोरून धडकली तर चिमटा आधी मागं जातो, आपा. त्याशिवाय होतच नाय. चिमटा सरळ होता."

"फिर बोलो."

"सरळ होता. मार मागून होता. आणि मग वरून."

त्या भिंतीला टेकल्या. मग विचारलं, "आता कुठंय ती?"

मी सगळं सांगितलं. नाव घासलं ते. फ्रेम ओढून सरळ केली ते. नळी बदलली ते. दात.

दात ऐकल्यावर त्यांनी मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर, तोंडावर. ओठ फुटला. मी हात वर केला नाय. दमल्या तेव्हा म्हणाल्या, "पाणी पिऊन जा."

आम्ही दोघं सायकल घेऊन तुमच्याकडं आलो. आठवतं ना? ती पुन्हा जशीच्या तशी मोडली होती, त्याच जागी, त्याच मापात. पुढचा चिमटा सरळ. तुम्ही खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत. म्हणालात, "ही मोड तुझ्या भावाच्या अपघाताची. जुनी तूच काढलीस ना? मग विषय संपला."

बरोबर बोललात. पुरावा मी मारला. मला त्याची शिक्षा द्या, मी येतो.

पण जुलैत आपांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. आवाजात 'साहेब' होता, खोटा कागद तुमच्याकडचा होता; म्हणून विचारलं, शफीक मेला त्या दिवशी त्या रस्त्यावर सरकारी जीप कोणती होती, कोण चालवत होतं. तुम्ही शिक्का मारून अर्ज घेतलात. उत्तर दिलं नाय.

शिक्का पडला त्या दिवसापासून माझ्या दुकानासमोर इंजिन येणं बंद झालं.

दोन दिवस मी सुखानं जेवलो. तिसऱ्या दिवशी आपांचा फोन. "भाई... दुपारी गल्लीत गाडी उभी राहते. दिसत नाही."

आता रोज येते. आधी गल्लीच्या तोंडाशी होती. मग हापशापर्यंत आली. काल त्यांच्या दाराची खालची फळी आत चेपली. बाहेर कुणी नव्हतं. मी म्हणालो, आपा, घर सोडा, मुकुंदवाडीत या. त्या म्हणाल्या, "सत्तावीस साल बाद सवाल पोहोचलाय भाई. आता उठून गेले तर जवाब कोण घेणार?"

मी दुपारभर तिथं जाऊन बसतो. पायाशी दगड ठेवतो. पण गल्ली अरुंद आहे साहेब, आणि मी किती दिवस बसणार?

भूत आहे का नाय, हे मी तुम्हाला विचारत नाय. जीप सरकारी होती, तिची नोंद तुमच्याच कपाटात आहे. 'घे मागं' म्हणणारा मागच्या सीटवर कोण बसला होता?

नाव सांगा.