जोडावरचं कुंकू

"काकू, कॉम्प्युटर रिकामे निघाले. सगळे मलाच चोर म्हणतायत."

कांचनचा फोन आला तेव्हा विजयाबाई मेथी निवडत होत्या. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये त्यांना अजून गेटवाल्या काकू म्हणत. बाहेर जाणारं सामान तपासून सील मारण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. कांचन शेजारच्या क्वार्टरमधली, विदिशा रस्त्यावरच्या एका खेड्यात अतिथी शिक्षिका. असली नोकरी म्हणजे अळवावरचं पाणी. हेडसाहेब नको म्हणाले की संपली.

दसऱ्याला मराठी मंडळानं कारखान्यातले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून तिच्या शाळेला दिले होते. दुरुस्ती विजयाबाईंच्या यजमानांची, मधुकररावांची. शाळेत वीज यायला उशीर झाला, तोवर खोलीला कुलूप आणि किल्ली कांचनकडे. आता वीज आली, पण एकही कॉम्प्युटर सुरू होईना. मेकॅनिकनं एक उघडला, तर आत हार्ड डिस्कच नव्हती.

मधुकरराव म्हणाले, खेड्यात असंच चालतं, तू कशाला पडतेस त्यात. पण बाई कुठल्या ऐकायला!

शाळेकडे जाताना बसमध्ये त्यांना वाटलं, तो दसराच मेला खोटा. घरचा कॉम्प्युटरही नेमका त्याच दिवशी बिघडला आणि नागपूरच्या नातवाशी बोलणं राहिलं. दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाला.

शाळेत नळावर मुलांची रांग होती. कांचननं सांगून ठेवलं होतं, हात धुतल्याशिवाय कॉम्प्युटरला शिवायचं नाही. मुलं रोज हात धुऊन दारातून बघून जात.

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणालाच नाही."

"खिडकी?"

"गज आहेत. काकू, मी सोडून कुणाचं नाव येणार?"

विजयाबाई कॉम्प्युटरच्या डब्यांपाशी वाकल्या. प्रत्येकावर त्यांच्याच हातचं, तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं. दसऱ्याच्या पूजेच्या वेळी त्यांनी ते सवयीनं झाकणाच्या जोडावरच काढलं होतं. मेकॅनिकनं उघडलेल्या डब्यावरचं फिसकटलं होतं. बाकीच्यांवर रेघही हलली नव्हती.

त्यांनी हेडसाहेबांसमोर बाकीचे डबे उघडवले. सगळे रिकामे. बाईंना आता कळून चुकलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

संध्याकाळी त्यांनी मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव यांना घरी बोलावलं. मधुकरराव समोरच होते.

"कुंकू मोडल्याशिवाय डबा उघडत नाही," विजयाबाई म्हणाल्या. "म्हणजे शाळेत चोरी झालीच नाही. डबे पूजेआधीच रिकामे होते. माहिती फुटेल म्हणून कारखाना हार्ड डिस्क बाहेर सोडत नाही, आतच चुरा करतो. गेटवर मीच बघायची ते."

"पण कार्यक्रमात एक चालू करून दाखवला होता की," यशवंतराव म्हणाले.

"हो. त्याच दिवशी आमच्या घरचा बंद होता. आमची डिस्क काढून त्यात घातली, टाळ्या पडल्या, आणि पूजेआधी काढून घेतली. घरातून डिस्क कोण नेणार? अहो, तुम्हीच ना?"

"तारीख ठरली होती. पाहुणे येणार होते," मधुकरराव म्हणाले. "म्हटलं, नंतर जाऊन डिस्क बसवीन."

"मग?"

"राहून गेलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. इथे तर चोरीसुद्धा नव्हती. यशवंतराव उठता उठता हळूच म्हणाले, वहिनी, हे बाहेर नको, मंडळाचं नाव जाईल. बाईंना त्या माणसाची किळस आली.

सकाळी त्या यजमानांना घेऊन शाळेत गेल्या. मधुकररावांनी सगळं खरं सांगितलं. हेडसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, चोरीचं आम्ही वर कळवून टाकलंय, ते आता फिरवता येणार नाही, आणि कांचनच्या जागी नवी बाई आजपासून आलीय.

कांचननं किल्ली टेबलावर ठेवली. रडली नाही. मधुकररावांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काकू," ती दारात म्हणाली, "डबे रिकामे आहेत, हे मुलांना एवढ्यात सांगू नका."

नळावर मुलं हात धूत होती.